पहिल्या वर्षातला उत्कृष्ट निबंध कसा ओळखावा: नव्या परीक्षकांसाठी

महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी लिहिलेल्या अभ्यास-निबंधांतून उत्कृष्ट निबंध निवडायची जबाबदारी तुमच्यावर पहिल्यांदाच आली असेल, तर एक गोष्ट आधीच सांगते. चांगले निबंध सापडणं अवघड नसतं. चाळीसातले आठ-दहा आपोआप वर येतात. त्या आठ-दहांतला खरोखर वेगळा निबंध ओळखणं अवघड असतं, कारण तो बहुतेक वेळा सगळ्यांत नेटका नसतो. शाळेत गिरवलेली प्रस्तावना, तीन मुद्दे आणि समारोपाची चौकट मोडून हा विद्यार्थी नुकताच काहीतरी शोधायला निघालेला असतो. त्या शोधात त्याची वाक्यं अडखळतात, एखादा परिच्छेद लांबतो. हे अडखळणं कोणतं आणि निव्वळ निष्काळजीपणा कोणता, हे कळायला लागलं की निम्मं काम झालं.

वाचायला बसण्याआधी

आपल्या नजरेवर जरा कमीच भरवसा ठेवून सुरुवात करा. 1912 मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकन संशोधकांनी इंग्रजी विषयाची एकच उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी गुण मिळाले 64 पासून 98 पर्यंत. आपल्या कामाशी याहून जवळचा प्रयोग 1961 चा आहे. पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांचे 300 निबंध घेतले आणि ते 53 वाचकांकडे दिले. त्यांत शिक्षक होते, वकील होते, संपादक आणि व्यवसायातली माणसंही होती. काय पाहायचं हे मुद्दामच सांगितलं नव्हतं, फक्त नऊ श्रेणींत वाटणी करायची होती. 300 पैकी 94 टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. म्हणजे एकाला जो निबंध उत्तम वाटला, तोच दुसऱ्याने जवळजवळ तळाला टाकला.

या प्रयोगातला पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. डीडरिक यांनी हा मतभेद उलगडून पाहिला, तेव्हा वाचकांचे पाच गट दिसले. कोणी विचार पाहत होतं, कोणी मांडणी, कोणी लिहिणाऱ्याचा स्वतःचा सूर, कोणी शुद्धलेखन, तर कोणी शब्दांची निवड. प्रत्येक जण प्रामाणिकपणे वाचत होता, पण वेगळी गोष्ट शोधत होता. तेव्हा पहिली पायरी हीच: तुम्ही या पाचांतले कोण आहात ते स्वतःला विचारा आणि समितीतल्या बाकीच्यांनाही विचारा. मी स्वतः शब्दांना भुलणारी आहे. एखादं वाक्य सुंदर उतरलं की त्याखालचा पोकळ मुद्दा मला लवकर दिसत नाही. हे माहीत असल्यामुळे मी अशा निबंधांवर खूण करून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा काढते.

यानंतर निकष लिहा. चार पुरे. आठ-दहा निकषांचे लांबलचक तक्ते गुण वाटायला सोपे पडतात, पण असाधारण निबंध त्यांतून निसटतो. सगळ्या रकान्यांत सात-सात गुण मिळवणारा गुळगुळीत निबंध एका रकान्यात झेप घेणाऱ्या निबंधाच्या पुढे जातो. मी हे चार धरते: खरा प्रश्न आहे का, आधाराचं काय केलंय, विरोधी बाजूशी गाठ पडली आहे का, आणि वाचकाला सोबत घेऊन जाणारी मांडणी आहे का. शुद्धलेखन आणि संदर्भ देण्याची पद्धत मी उंबरठा मानते. तो ओलांडलेला असावा, पण त्यासाठी वेगळे गुण नाहीत.

निकष ठरले की मागच्या वर्षांतले तीन-चार जुने निबंध सगळ्यांनी स्वतंत्रपणे वाचावेत आणि मग एकत्र बसावं. मतं जुळावीत हा हेतू नाही. ‘खरा प्रश्न’ या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात काय आहे, ते त्या तासाभरात बाहेर येतं. हा तास वाचवणाऱ्या समित्या शेवटच्या बैठकीत तीन तास भांडतात.

नावं काढा. नाव, वर्ग, शिकवणाऱ्याचं नाव, सगळं काढून प्रत्येक निबंधाला क्रमांक द्या. फाइल संगणकावरची असेल तर तिच्या नावात आणि गुणधर्मांतही लेखकाचं नाव राहून जातं, तेही पुसा. स्वतःच्या विद्यार्थ्याचा निबंध ओळखू आला तर त्यावर मत देऊ नका. दोन सहकाऱ्यांना वेगवेगळ्या क्रमाने गठ्ठा द्या, कारण तीन कंटाळवाण्या निबंधांनंतर आलेला साधारण निबंधही उजळ दिसतो. प्रत्येक निबंधासोबत वर्गात दिलेलं मूळ काम काय होतं, तो कागदही हवा. ‘एका लेखाचा युक्तिवाद तपासा’ असं काम मिळालेल्या मुलीने स्वतःचं संशोधन केलं नाही म्हणून तिला मागे ठेवणं अन्यायाचं आहे.

पहिलं वाचन

पहिल्यांदा पेन हातात न घेता वाचा. चुका दुरुस्त करायची सवय शिक्षकाच्या हाताला इतकी असते की पेन असलं की डोळा चुकाच शोधतो. सलग, थोड्या वेगाने वाचा आणि तीन गठ्ठे करा: पुन्हा वाचायचे, कदाचित वाचायचे, आणि या खेपेला बाजूला ठेवायचे. मी एका बैठकीत दहापेक्षा जास्त वाचत नाही. अकराव्या निबंधाला माझ्या थकव्याची शिक्षा होते, हे मला अनुभवाने कळलंय.

या वाचनात एकाच गोष्टीची नोंद ठेवा: कुठे थांबलात? कुठे मागे जाऊन परिच्छेद पुन्हा वाचलात? गोंधळामुळे थांबलात की ‘अरे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं’ म्हणून? दुसऱ्या कारणाने थांबवणारा निबंध, त्यात बाकी काहीही दोष असले तरी, पहिल्या गठ्ठ्यात गेला पाहिजे.

दुसरं वाचन: इथे वेळ घाला

आता पेन घ्या. आधी निबंधाचं म्हणणं तुमच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणून’ असा एखादा शब्द आपसूक आला तर निबंधात युक्तिवाद आहे. ‘हा निबंध झोपेच्या महत्त्वाविषयी आहे’ एवढंच लिहिता आलं तर विषय आहे, म्हणणं नाही. पहिल्या वर्षातले बहुसंख्य निबंध इथेच थांबतात. त्यांना दोष देऊ नये, कारण शाळेत त्यांच्याकडून विषयच मागितला जातो.

एक उदाहरण घेऊ. दोन विद्यार्थ्यांना एकच पाहणी दिली आहे, ज्यांची झोप कमी त्यांचे गुणही कमी असं दाखवणारी. हे नमुने मी समजावण्यासाठी रचलेत, पण असे परिच्छेद तुम्हाला दरवर्षी भेटतील.

पहिला: ‘निद्रा ही निसर्गाने मानवाला दिलेली अमूल्य देणगी आहे. सदर पाहणीतून हे स्पष्टपणे सिद्ध होते की अपुऱ्या झोपेमुळे विद्यार्थ्यांची शैक्षणिक प्रगती खुंटते. म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याने वेळेवर झोपण्याची सवय अंगी बाणवली पाहिजे.’

दुसरा: ‘कमी झोपणाऱ्या मुलांचे गुण कमी आहेत. मी पण आधी असंच धरलं होतं की झोप कमी म्हणून गुण कमी. पण ज्यांना काम करून शिकायला लागतं ते झोपतात पण कमी आणि अभ्यासाला वेळ पण त्यांना कमीच मिळतो. पाहणीत काम करता का हे विचारलेलंच नाहीये. मग या आकड्यांवरून मला एवढंच म्हणता येतं की दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. कशामुळे काय हे म्हणायला अजून एक प्रश्न विचारायला हवा होता.’

पहिल्याची भाषा घोटीव आहे, दुसऱ्याची बोलण्यातली, ‘पण’ची पुनरुक्ती करणारी. तरीही दुसऱ्या परिच्छेदात एक माणूस विचार करताना दिसतो. त्याने आधी काय धरलं होतं, ते कुठे अडलं, आणि अडल्यावर त्याने आपला दावा किती आखडता घेतला, हे सगळं कागदावर आहे. पहिल्या परिच्छेदाला पाहणीची गरजच नव्हती. पाहणी वाचली नसती तरी तो तसाच लिहिला गेला असता. मला उत्कृष्ट निबंधाची याहून भरवशाची खूण सापडलेली नाही: निबंधात अशी एखादी अडलेली जागा असते का, आणि लिहिणारा तिथून वळसा घालून निघून जातो की थांबतो?

ही जागा शोधायला काही हिकमती उपयोगी पडतात. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं ओळीने वाचा. परिच्छेदांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नसेल, तर ती यादी आहे, युक्तिवाद नव्हे. मग पहिला आणि शेवटचा परिच्छेद शेजारी ठेवा. शेवट म्हणजे सुरुवातीचीच वाक्यं वेगळ्या शब्दांत असेल तर मधल्या पानांनी लिहिणाऱ्याला कुठेही नेलं नाही. शेवटी म्हणणं थोडं अरुंद, थोडं नेमकं झालं असेल तर खूण करा.

आधार तपासताना तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी 1958 मध्ये मांडलेली युक्तिवादाची रचना हाताशी ठेवा. दावा, त्याचा पुरावा, आणि पुराव्यावरून दाव्याकडे जाण्याची मुभा देणारा दुवा. पहिल्या वर्षात दावा असतो, पुरावाही असतो, दुवा मात्र गृहीत धरलेला असतो. ‘अमुक तज्ज्ञ म्हणतात’ असं अवतरण येतं आणि त्यानंतर थेट ‘यावरून सिद्ध होते’. जो विद्यार्थी मध्ये एक वाक्य घालून ‘हे इथे लागू पडतं, कारण…’ म्हणतो, त्याच्याकडे नीट बघा. आणि जो ‘इथवर लागू पडतं, याच्या पुढे नाही’ असं म्हणतो, त्याचा निबंध वेगळा काढून ठेवा. अवतरणं किती यावरून काही ठरत नाही. दोन संदर्भ एकमेकांसमोर उभे करून त्यांच्यात कुठे पटत नाही हे दाखवणारा निबंध वीस संदर्भ ओवलेल्या निबंधापेक्षा मोठं काम करतो.

विरोधी बाजूची परीक्षा सोपी आहे. निबंधात जिच्याशी वाद घातलाय ती बाजू खरी मानणाऱ्या माणसाला ते वर्णन वाचून ‘होय, मी असंच म्हणतो’ असं वाटेल का? की पाडायला सोपं जावं म्हणून पेंढा भरलेलं बुजगावणं उभं केलंय?

विषय बदलला की उत्कृष्टतेचं रूप बदलतं, हेही ध्यानात असू द्या. इतिहासाच्या निबंधात एका कागदपत्राचं बारीक वाचन झळकतं. प्रयोगाच्या अहवालात अपेक्षेबाहेर आलेल्या निकालाची मोकळी चर्चा झळकते, आणि तिथे ‘मी’ नसणं हा दोष नाही. साहित्याच्या निबंधात एका शब्दावर अर्धं पान खर्चणं शोभतं. मी भाषेची शिक्षिका असल्याने विज्ञानाचे अहवाल मला आरंभी कोरडे वाटत. एका भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने शेजारी बसून एकच अहवाल ओळीओळीने समजावला, तेव्हा मोजमापातल्या चुकीविषयी त्या मुलाने लिहिलेल्या परिच्छेदाचं धाडस मला कळलं. समितीत वेगवेगळ्या विषयांचे लोक घ्यायचे ते यासाठी.

जिथे पाय घसरतो

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवलं की वरिष्ठांनी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचं मूल्यमापन करताना एका गुणाची छाप बाकी सगळ्या गुणांवर पाडली होती. शरीरयष्टी चांगली वाटली की बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य सगळंच चांगलं. निबंधात ही छाप पाडतं सुरेख अक्षर, लांबी, देखणी मांडणी आणि पहिला परिच्छेद. पहिल्या परिच्छेदाने भारावलात असं वाटलं तर निबंध मधूनच उघडून वाचा.

वैयक्तिक दुःखाचे निबंध सगळ्यांत कठीण. आजारपण, घरातला मृत्यू, अपमान. वाचताना डोळे भरतात आणि भरावेत. पण दुःखाला क्रमांक लावायचा नसतो. त्या अनुभवातून विद्यार्थ्याने कोणता प्रश्न उभा केला आणि तो कुठवर नेला, एवढंच बघा. तुमच्या मताशी जुळणारा निबंध सापडला की दुप्पट कठोर व्हा, आणि न पटणारा सापडला की दुप्पट सावकाश वाचा. निबंधाची भाषा ज्याची घरची भाषा नाही, त्याच्या व्याकरणाच्या चुकांनी अर्थ अडतो का, एवढंच विचारा. अर्थ पोचत असेल तर पुढे चला.

खरेपणाची खात्री

अंतिम फेरीतल्या प्रत्येक निबंधातले निदान दोन संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहा. तो ग्रंथ किंवा लेख अस्तित्वात आहे का, आणि निबंधात म्हटलंय ते तिथे खरंच म्हटलेलं आहे का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

चॅटजीपीटीसारख्या यंत्राकडून लिहून घेतल्याचा संशय आला तर असं लेखन ओळखणाऱ्या साधनाच्या निकालावर कोणाला दोषी ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच ओळखसाधन अचूकता कमी म्हणून 2023 च्या जुलैत मागे घेतलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध अशा सात साधनांतून घातले, तेव्हा सरासरी 61 टक्के निबंधांवर यंत्राने लिहिल्याचा शिक्का बसला. सगळे माणसांनी लिहिलेले होते. साधी वाक्यं आणि मर्यादित शब्दसंग्रह हाच त्यांचा गुन्हा ठरला. त्यापेक्षा निबंध मागवतानाच सोबत कच्चे खर्डे आणि अर्ध्या पानाचं टिपण मागा: सुरुवातीला काय वाटत होतं, कुठे बदललं, काय गाळलं. अंतिम फेरीतल्यांशी दहा मिनिटं बोला. ज्याने निबंध स्वतः झगडून लिहिलाय तो गाळलेल्या भागाविषयी फार उत्साहाने बोलतो. हे बोलणं उलटतपासणीसारखं होऊ देऊ नका. आपलं लेखन कोणीतरी इतकं बारकाईने वाचलंय, हे त्या मुलांना बहुधा पहिल्यांदाच कळत असतं.

निवड

शेवटच्या पाच-सहा निबंधांना पुन्हा गुण देत बसू नका. दोन-दोन शेजारी ठेवा आणि विचारा, यातला कोणता? मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी 1927 मध्ये तुलनेवर आधारलेल्या मोजणीचा नियम मांडला, त्यावर उभ्या राहिलेल्या पद्धती आज निबंध तपासायलाही वापरल्या जातात. एखादी गोष्ट किती चांगली हे सांगण्यापेक्षा दोघांतली सरस कोणती हे माणसाला अधिक सहज सांगता येतं.

बैठकीत सरासरी काढू नका. एकाने नऊ आणि दुसऱ्याने चार दिलेला निबंध सरासरीत साडेसहावर येतो आणि दोघांनी सात दिलेल्या निबंधापुढे हरतो. नऊ देणाऱ्याला काय दिसलं, हे आधी ऐका. अट एकच ठेवा, प्रत्येकाने पान उघडून ओळीवर बोट ठेवून बोलायचं. ‘ओघवता आहे’, ‘खोली जाणवते’ असली वाक्यं चालणार नाहीत. अनेकदा चार देणारा त्या ओळीपाशी गप्प होतो. कधी नऊ देणाराच म्हणतो, राहू दे, मला वाटलं होतं तेवढं इथे नाही. आणि एखाद्या वर्षी कोणताच निबंध त्या तोडीचा नसेल, तर पहिलं पारितोषिक न देण्याचा अधिकार नियमांत आधीच लिहून ठेवा.

निवडीनंतरचं काम

निवडलेल्या निबंधासाठी चार-पाच ओळींचं मानपत्र लिहा आणि त्यात नेमकी जागा दाखवा. ‘अत्यंत अभ्यासपूर्ण निबंध’ याने कोणाला काही कळत नाही. ‘तिसऱ्या पानावर लेखिका स्वतःच्याच दाव्याला अपवाद शोधते आणि तो दडपण्याऐवजी त्याभोवती उरलेला निबंध नव्याने बांधते’ हे वाचून पुढच्या वर्षीच्या मुलांना काय करून बघायचं ते कळतं. निबंध छापणार असाल तर लेखी परवानगी घ्या. मुलाखती किंवा घरच्यांचा उल्लेख असेल तर त्यांचीही संमती आहे का विचारा. संपादन करताना टंकलेखनाच्या चुका तेवढ्या काढा. अडखळणारी वाक्यं सफाईदार करण्याचा मोह होईल, पण तसं केलंत तर पुढच्या वर्षीच्या मुलांसमोर प्राध्यापकाचा निबंध जाईल, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा नव्हे.

निवड न झालेल्या प्रत्येकाला दोन वाक्यं पाठवा. एक, तुमच्या निबंधात आम्ही कुठे थांबलो. दुसरं, तिथून पुढे काय विचारता आलं असतं. पहिल्या वाचनाच्या वेळी थांबल्याची नोंद ठेवली असेल तर निम्मं आधीच लिहून झालेलं असतं. ही वाक्यं निकाल लागण्याच्या आधी तयार ठेवा, कारण निकालानंतर तो गठ्ठा पुन्हा उघडायला कोणालाच सवड होत नाही.